पाचवा दोरा

दत्तू गेल्याची बातमी मला अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर कळली. भाद्रपद संपत आला होता, गंगा उतरू लागली होती आणि खालच्या पायऱ्यांवरचा गाळ उपसायला माणसं लागली होती. मी अंघोळ करून वर येत होतो, तर आमच्या गल्लीतला दूधवाला वरच्या पायरीवरूनच ओरडला, "मास्टरसाब, गाँठवाले डाक्टर नहीं रहे।" मी विचारलं, "कोण?"... विचारायची काही गरज नव्हती. गाठवाला डॉक्टर आमच्या भागात एकच होता. सकाळी त्यानं दवाखाना उघडला, खुर्चीवर बसला आणि पहिला रोगी यायच्या आत मान टाकली. बस्स, एवढंच. वय माझ्याइतकंच, म्हणजे पन्नाशीच्या जरा अलीकडे. पाटीवर 'डॉ. दत्तात्रय वझे' असं होतं, पण त्या नावानं त्याला कोणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही.

तेराव्यानंतर इथल्या आपल्या मंडळींनी शोकसभा घेतली. मला बोलायला सांगितलं, कारण मी त्याचा बालमित्र आणि खरं सांगायचं तर मला बोलता येतं. त्या भाषणात मी एक गोष्ट सांगितली. ती मी गेली बारा वर्षं सांगत आलो आहे. माझ्या आईच्या हाताला गाठ झाली, दत्तू म्हणाला थांबा, मी थांबलो नाही, मोठ्या सर्जनकडे नेलं. हात गेला, पण आई वाचली. "एवढा मतभेद होऊनही त्यानं मैत्री तोडली नाही, इतकं त्याचं मन मोठं," असं मी शेवटी म्हणालो. लोकांनी डोळे पुसले. त्या सबंध गोष्टीतलं मन मोठं असल्याचं तेवढं खरं होतं. बाकीचं परत घ्यायचं आहे. सभेत बोललेलं सभेतच परत घ्यावं, पण सभा काय पुन्हा भरत नाही. लढाईमुळे कागद मिळत नाही, पुरवणीची पानं कमी झाली आहेत, तरी संपादकांनी मला ही जागा दिली, म्हणून लिहितो.

आम्ही दोघे एकाच गल्लीतले. त्याचे वडील भिक्षुक, माझे पाणके. दक्षिणी, म्हणजे आपल्या मराठी घरांना सोवळ्याचं गंगेचं पाणी लागतं, ते हंड्याहंड्यानं पायऱ्या चढवून द्यायचं हे त्यांचं काम. मी सहा वर्षांचा असताना ते गेले आणि आई अन्नछत्रात स्वैपाकाला लागली. पंगतीच्या पंगती उठायच्या, आणि त्या सगळ्यांची कणीक आई एकटी मळायची. हे मी कधी लपवलं नाही, उलट मोठ्यानं सांगतो. ज्यांच्या घरी माझ्या बापानं पाणी भरलं, त्यांच्या दारावरून मी बी. एस्सी.चा निकाल हातात घेऊन गेलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. त्या दिवशी आई अन्नछत्रातल्या बायकांना म्हणाली, "आता काही अडलं तर आम्हांला कुणाच्या दारात जायला नको. विचारायला माणूस घरातच आहे." ते वाक्य मी फार वर्षं बक्षिसासारखं जपलं...

दत्तू इंटरला दोनदा आपटला आणि मग मेडिकल स्कुलात जाऊन लायसेन्सचा कोर्स करून आला. म्हणजे डॉक्टर झाला, पण पदवीचा नव्हे. मला तो कायम 'ग्रॅज्युएट' म्हणायचा. "काय ग्रॅज्युएट, चाय पिणार का विज्ञानात बसत नाही?" मुन्शी घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यानं एक खोली घेतली. ताप, खोकला, जुलाब सगळंच बघायचा, पण त्याचा जीव होता गाठींत. कातडीवरच्या, कातडीखालच्या, मानेवरच्या, पाठीवरच्या. माणूस कपाळाला आठ्या घालून आत यायचा आणि म्हणायचा, "डाक्टर साहब, ये कैंसर तो नहीं?" दत्तू म्हणायचा, "पहले बैठ तो जाओ।"

गाठ बघताना तो डोळे मिटायचा. मी एकदा हसलो तर म्हणाला, "नजर मध्ये येते रे. बोटांना बोलू दे की." दोन बोटांत धरून ती सरकते का, वरची कातडी चिमटीत धरली की खळी पडते का, खाली मांसाला चिकटली आहे का, दाबली की दुखते का, थंडीनं दुखते का, हे सगळं तो इतक्या सावकाश बघायचा की रोग्याची भीती निम्मी तिथंच उतरायची. मग विचारायचा, "कधीपासून?" आमच्याकडे साध्या माणसाला तारीख सांगता येत नाही, सण सांगता येतात. 'नागपंचमीला नव्हती, नागनथैयाला होती' असं कोणी म्हणालं की दत्तू खूश व्हायचा. म्हणायचा, "झाली गाठीची कुंडली!" आणि मग दोरा काढायचा. देवळात मनगटाला बांधतात तो लाल-पिवळा कलावा. त्याचा तुकडा गाठीवर आडवा धरायचा, बरोबर तेवढाच कात्रीनं कापायचा आणि एका लांबट वहीत खळीनं चिकटवायचा. वर रोग्याचं नाव, बाजूला तिथी. रोगी आठ दिवसांनी आला की दुसरा दोरा पहिल्याच्या खाली. प्रत्येकाचं एक पान. गाठ वाढते का घटते, ते वही उघडली की दिसायचं. शेवटी एका शब्दात निकाल लिहायचा, 'बसली' किंवा 'काढली', आणि क्वचित 'गेला'. मी म्हणालो, "अरे, फूटपट्टी वापर, हे काय बायकी?" तर म्हणाला, "आकडा मी विसरतो. दोरा बोटांना आठवतो. आणि रोग्याला दाखवता येतो. इंच म्हणजे काय ते त्याला शिकवत बसू का?"

त्याचा हात किती खोल होता ते मी स्वतः पाहिलं होतं, हे इथं सांगायला हवं, नाहीतर मला अडाणीपणाची सवलत मिळेल. मदनपुऱ्यातल्या एका विणकराची बायको त्याच्याकडे आली होती. सात वर्षं तिच्या एका बोटाला थंड पाणी लागलं की ती किंचाळायची. भांडी घासताना बेशुद्ध पडायची. बोटावर दिसायला काही नाही. ताईत झाले, झाडफूक झाली, शेवटी घरच्यांनी ठरवलं की ही कामचुकार आहे आणि वेडीही आहे. दत्तूनं ते बोट खिडकीच्या उजेडात धरलं. नखाखाली कुठंतरी निळसर झाक होती, म्हणजे त्याला दिसली, मला दिसली नाही. त्यानं टाचणी घेतली, उलटी धरली आणि टाचणीच्या डोक्यानं नखावर एकेक ठिकाण दाबत गेला. इथं दुखतं? नाही. इथं? नाही. आणि एका ठिकाणी त्या बाईनं अशी किंकाळी फोडली की गल्लीतले लोक आत आले. चार दिवसांनी त्यानं ते नख उचलून खालून एक लालसर कण काढला, मोहरीपेक्षा जरा मोठा. माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला, "हे बघ ग्रॅज्युएट, हे वेड."

मी विचारलं, "या गाठीला नाव काय?"

"असेल कुठल्या तरी पुस्तकात. तू शोध. बाई आज भांडी घासणार, मला तेवढं पुरे."

मला नावाची फार हौस. आमच्या वर्गात प्रोफेसर म्हणायचे, ज्याला नाव देता येत नाही ते तुम्हांला कळलेलं नाही. ते मी वहीत लिहून घेतलं होतं आणि पुढं शाळेत माझ्या पोरांनाही शिकवलं.

आईची गाठ त्या वर्षी होळीला नव्हती, रामनवमीला होती. उजव्या हाताला, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, आतल्या बाजूला. कणीक मळताना तिला टोचल्यासारखं झालं. दत्तूनं दोरा घेतला. पहिल्यांदा हरभऱ्याएवढी, आठ दिवसांनी बोराच्या बीएवढी, मग आणखी मोठी, चौथ्या वेळी सुपारीएवढी. मी घाबरलो. कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन शस्त्रक्रियेची इंग्रजी पुस्तकं उलटीपालटी केली, आणि त्यांत मला एक नाव सापडलं... सार्कोमा. झपाट्यानं वाढणारी, हातपायांत होणारी, जिवावर उठणारी गाठ. सगळं जुळत होतं. निदान माझं मी जुळवलं होतं. मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर मी दत्तूला गाठलं.

"नाव सांग," मी म्हणालो.

"नाव मला ठाऊक नाही."

"मग तू निदान करतोयस तरी कशाचं?"

"वागण्याचं," दत्तू म्हणाला. "तुझ्या वर्गात नवं पोरगं येतं. नाव माहीत नसतं. पण आठवडाभरात तुला कळतं ना, हे चोर आहे का नुसतंच दंगेखोर? हे दंगेखोर आहे. फार घाईत आहे. चोर असा आरडाओरडा करत येत नाही रे. वाईट गाठ बहुतेक वेळा गुपचूप वाढते, सुरुवातीला दुखतसुद्धा नाही. काकूंची दाबली की दुखते, आठ दिवसांत दुप्पट होते. अशा मी तीन पाहिल्यात. रामनगरचा नाव वल्हवणारा बिंदा मल्लाह, त्याची हातावरच होती, अशीच. आपोआप बसली. एक महिना दे मला. दोरा वाढतच राहिला तर गाठ तेवढी काढून टाकू. हात कशाला घालवतोस?"

"म्हणजे एका मल्लाहाच्या भरवशावर आईला ठेवू?"

"मल्लाहाच्या नाही. माझ्या."

मी म्हणालो, "तू लायसेन्सवाला आहेस, दत्तू."

तो म्हणाला, "ते आहेच म्हणा," आणि धोतर झटकून उठला. रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

मी माझ्या जुन्या प्रोफेसरांकडून चिठ्ठी मिळवली आणि दिवसभराच्या रेल्वेप्रवासावर असलेल्या मोठ्या इस्पितळात जायचं ठरवलं. निघायच्या सकाळी दारात एक्का उभा होता. मी एक्केवाल्याशी सामानावरून हुज्जत घालत होतो, तेवढ्यात दत्तू आला, सरळ आत गेला. माझ्या लक्षात आलं की तो पुन्हा मोजायला गेला आहे, आणि मला संताप आला. पाच मिनिटांत तो बाहेर आला. चिमटीत दोरा होता. चेहरा कसा होता ते सांगता येत नाही, कारण मी नीट बघितलंच नाही.

"सदा, एक मिनिट. आज..."

"दत्तू, मला आता नाव हवंय. दोरा नकोय."

मी एवढंच बोललो. आईला हात देऊन वर चढवलं आणि एक्का हाकायला सांगितलं. गल्लीच्या वळणावर मागे बघितलं तर तो तिथंच उभा होता, चिमूट तशीच... 'आज' या शब्दाच्या पुढे काय होतं, ते मी त्याला बारा वर्षांत एकदाही विचारलं नाही.

इस्पितळाचं नाव लिहीत नाही. त्यांचा दोषही नाही. साहेब सर्जन होते, सभ्य होते. त्यांनी गाठीचा बारीक तुकडा काढला, रंगवला, काचेवर घेतला. तिसऱ्या दिवशी मला आत बोलावलं. चिठ्ठीत मी सायन्सचा पदवीधर असल्याचं लिहिलं होतं, ते त्यांना आठवत होतं. म्हणाले, या, तुम्हीच बघा. अवघ्या इस्पितळात बाहेर बाकांवर माणसं बसली होती आणि साहेब मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावत होते. पाणक्याच्या मुलाला! मी वाकलो. मला जांभळे ठिपके दिसले. लांबट, गर्दी केलेले, वाटेल तसे पसरलेले. कॉलेजात मी कांद्याचा पापुद्रा बघितला होता, बेडकाचं रक्त बघितलं होतं. याच्यातलं बरं कुठलं आणि वाईट कुठलं, मला ओ की ठो कळलं नाही. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, "दिसतंय ना?" मी म्हणालो, "येस सर." आणि मान हलवली. मग त्यांनी नाव सांगितलं. मी पुस्तकात शोधलेलंच नाव. ते ऐकून मला आधी काय वाटलं असेल तर आपलं बरोबर निघालं, असं वाटलं. खरंच तसंच वाटलं. आईचं भय त्यानंतर वाटलं.

आई बाहेर भिंतीला टेकून बसली होती. मी सांगितलं, हात काढावा लागेल, कोपराच्या वरून. तिनं विचारलं, "तू बघितलंस?"

"हो आई, नळीतून स्वतः बघितलं."

"मग ठीक आहे. तू बघितलंस ना..." असं म्हणून तिनं डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून दाबली, घरी दमल्यावर दाबायची तशी.

त्यानंतर अन्नछत्र सुटलं. डाव्या हातानं ती जेवायला, लुगडं नेसायला शिकली. रिकामं बसवेना म्हणून देवळासाठी वाती करू लागली. एका हातानं वात वळायची म्हणजे कापसाचं दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. ते दत्तू धरायचा. दर शनिवारी संध्याकाळी दवाखाना बंद करून यायचा, आईसमोर मांडी घालून बसायचा, चिमटीत कापूस धरायचा, आणि ती मांडीवर डाव्या तळव्यानं वात वळायची. "काकू, अन्नछत्राच्या आमटीला आता चवच नाही हो," म्हणायचा. "तू फुकट जेवतोस आणि वर चव बघतोस!" आई म्हणायची. मी तिथंच पोरांच्या वह्या तपासत असायचो. कोणी पाहुणे असले की मी ती गोष्ट सांगायचो, दत्तूच्या समोर सांगायचो. "याचं ऐकलं असतं तर आज आई नसती." दत्तू कापसाकडे बघत म्हणायचा, "खरंय, ग्रॅज्युएट. खरंय." मला ती हार मानल्याची कबुली वाटायची. बारा वर्षं वाटत होती.

चारेक वर्षांपूर्वी तो एकदाच काही मागायला आला. म्हणाला, "अशा गाठी आता माझ्याकडे सहा झाल्यात. घाईनं वाढतात, दुखतात, आणि बसतात. नाव नाही, पण खऱ्या आहेत. डॉक्टरांच्या एखाद्या मासिकाला कळवावं म्हणतो. माझं इंग्रजी तुला ठाऊक आहे. तू नीट लिहून दे." मी म्हणालो, परीक्षा होऊ देत. परीक्षा झाल्या. मग म्हणालो, सुट्टी लागू दे. दोनतीनदा त्यानं आठवण केली, मग केली नाही. त्या सहांत आईची धरली आहे का, हे मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

शोकसभेनंतर तिसऱ्या दिवशी वहिनींनी, म्हणजे दत्तूच्या बायकोनं, मला बोलावून घेतलं. दवाखान्याची खोली आवरून झाली होती. वही टेबलावर होती.

"भावजी, ही तुम्ही न्या. त्यांचं अक्षर दुसऱ्या कुणाला लागायचं नाही."

मी वही उचलली. वहिनी म्हणाल्या, "तुमचं भाषण ऐकलं मी." मला वाटलं पुढं काही चांगलं बोलतील. त्या म्हणाल्या, "पान शोधावं लागणार नाही. खूण घातलेली आहे." मी विचारलं, कसलं पान? तर त्या म्हणाल्या, "मी एकदा त्यांना म्हटलं होतं, सांगून टाका की. तर म्हणाले, सांगून हात उगवणार आहे का? सदा तेवढा मोडेल." आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.

पानावर वर लिहिलं होतं, 'काकू'. खाली पाच दोरे. रंग विटलेला, पण एकही सुटला नव्हता. पहिल्यापेक्षा दुसरा मोठा, दुसऱ्यापेक्षा तिसरा, तिसऱ्यापेक्षा चौथा. आणि पाचवा चौथ्यापेक्षा आखूड. मी घरून फूटपट्टी आणली, कारण माझी खोड जात नाही. आखूडच. तांदळाच्या दाण्याएवढा, पण आखूड. बाजूला त्या सकाळची तिथी होती आणि दोन ओळी. 'उतरू लागली. मऊही लागते. सदाला सांगणे.' बाकीच्या प्रत्येक पानावर शेवटी काहीतरी निकाल आहे. आईच्या पानावर 'सदाला सांगणे' नंतर काही नाही.

माझ्यातला बी. एस्सी. लगेच उठून बसला. म्हणाला, एका तांदळाच्या दाण्यानं काय सिद्ध होतं? कापताना कात्री इकडची तिकडे झाली असेल. म्हणून मी वही घेऊन नावेनं रामनगरला गेलो. बिंदा मल्लाहाला शोधायला कष्ट पडले नाहीत, किनाऱ्यावरच होता, नाव रिकामी करत होता. त्याच्या पानावर अकरा दोरे आहेत, चार वाढते, सात घटते आणि खाली 'बसली'. मी म्हणालो, डॉक्टरांचा मित्र आहे, हात दाखवता का? त्यानं उजवी बाही वर केली. काळाभोर, दोरखंडासारखा हात. गाठ होती ती जागा त्यालाच बोटानं चाचपून शोधावी लागली. म्हणाला, "बाबू, दूसरे डाक्टर तो काटने को बोले थे. हमारे डाक्टर साहब बोले, एक महीना रुक जा बिंदा. काट देते तो चप्पू कौन चलाता?" मग मला म्हणाला, "बैठिए, उस पार छोड़ देता हूँ।" मी नको म्हणालो. त्याचे दोन्ही हात वल्ह्यांवर बघत गंगा ओलांडायची माझ्यात ताकद नव्हती.

आईला सांगायचं की नाही, यात तीन आठवडे गेले. ती सत्तरीला टेकली आहे, डोळ्यांत मोतीबिंदू आहे. कशाला तिला म्हातारपणी, असं मी स्वतःला सांगत होतो. पण मी तिला वाचवत नव्हतो. घरात विचारायला जो माणूस आहे, त्याला वाचवत होतो.

कार्तिक लागला. घाटावर बांबूंना आकाशदिवे चढू लागले, वातींची मागणी वाढली. शनिवारी संध्याकाळी आई कापूस पुढ्यात घेऊन बसली होती आणि काही करत नव्हती. समोरची जागा रिकामी होती. मी वही घेऊन तिथं बसलो, पान उघडलं आणि तिचा डावा हात धरून दोऱ्यांवर ठेवला. तिनं एकेक दोरा बोटानं चाचपला, वरून खाली.

"दत्तूची वही ना ही? हे माझे?"

"हो. पाचही तुझे."

"शेवटचा आखूड आहे," ती म्हणाली. तिला फूटपट्टी लागली नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"मोजताना म्हणाला होता तो. 'काकू, आज उतरलीय हो.' मी म्हटलं, सदाला सांग. तो बाहेर गेला, मग तू मला एक्क्यात बसवलंस. मला वाटलं, सांगितलं त्यानं. सांगूनसुद्धा सदा नेतोय म्हणजे सदाला काहीतरी जास्त कळत असणार." ती पुढं म्हणाली, "आणि मग तू नळीतून बघितलंसच की."

बाहेर गल्लीत कोणीतरी हाका मारत होतं. मी ते संपायची वाट बघितली.

"बघितलं, आई. पण मला काही कळलं नव्हतं. जांभळे ठिपके होते नुसते. साहेबांनी विचारलं तर मी हो म्हणालो."

हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा उच्चारत होतो. आईची बोटं पाचव्या दोऱ्यावरच होती. मग तिनं विचारलं, "तुझ्या वर्गात पोरं करतात ना असं? न कळताच हो म्हणतात?"

"करतात."

"हं," ती म्हणाली. तिनं वही हलकेच बाजूला सारली, कापसाचा पुंजका ओढून लांब केला आणि त्याचं टोक माझ्याकडे केलं. "धर."

मी धरलं. ती मांडीवर तळवा फिरवू लागली, पण कापूस तुटला. तिनं दुसरा घेतला. तोही तुटला.

"घट्ट नको धरूस," आई म्हणाली. "दत्तू सैल धरायचा."